हुकलेले तीन रविवार

लायपेज नावाच्या रक्ततपासणीचा कागद डॉक्टर मॅडमनी माझ्यासमोर ठेवला, तेव्हा मी आधी सामान्य मर्यादेचा रकाना वाचला आणि मग आमचा आकडा. एकतीस वर्षे गणित आणि विज्ञान शिकवल्यावर ही सवय जात नाही. मिळालेले गुण पाहण्यापूर्वी एकूण गुण पाहावेत. आमचा आकडा मर्यादेच्या आठपटींहून अधिक होता.

“अ‍ॅक्यूट पॅन्क्रियाटायटिस,” मॅडम म्हणाल्या. म्हणजे स्वादुपिंडाला अचानक आलेली सूज. स्वादुपिंड ही जठराच्या मागे आडवी असलेली ग्रंथी. ती इन्शुलिन तयार करते आणि अन्न पचवणारे रसही. सूज आली की हे रस आतड्यात पोहोचण्याआधीच आपले काम सुरू करतात आणि ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. हे मी कधी वर्गात शिकवले नव्हते. ते त्या सोमवारी, बारामतीच्या एका रुग्णालयात, अतिदक्षता विभागाच्या दारात उभी राहून मी शिकले.

“दारू किती घेतात?” मॅडमनी विचारले.

“एक थेंबही नाही.”

“बाई, इथे लपवून उपयोग नसतो.”

“मी काही लपवत नाही,” मी म्हणाले. आणि त्याच क्षणी मी लपवत होते. दारूबद्दल मी खरे बोलले होते. लपवले होते ते वेगळेच.

हे लेखन मी शांत मनाने करत नाही, हे सुरुवातीलाच सांगते. मला राग आहे. त्यातला मोठा भाग इतरांवर आहे आणि उरलेला माझ्यावर. दोन्हींचा हिशेब नीट मांडला, तर ज्यांच्या घरातल्या फ्रिजच्या दारात आज वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनचे पेन ठेवलेले आहे, त्यांना त्याचा उपयोग होईल.

माझे यजमान बासष्ट वर्षांचे. गावात सगळे त्यांना तात्या म्हणतात. मीही येथे तसेच म्हणते. आम्ही जळोचीत राहतो. शेती पणदऱ्याला, ऊस आणि पाच गाई. तात्या सकाळी मोटारसायकलवर जातात आणि दिवेलागणीला परततात. मी इंदापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत नोकरी केली आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तात्यांना अकरा वर्षांपासून मधुमेह आहे. वजन एकशे दोन किलो. गुडघे दुखत. गाईची धार काढायला बसले, की उठताना दावणीला धरून उठत.

आमची मुलगी वृषाली लोणी देवकरला राहते. जावई तेथील कारखान्यात आहेत. तिने मोबाइलवर एका वजन घटवण्याच्या केंद्राची जाहिरात पाहिली. आठवड्यातून एकदा पोटावर इंजेक्शन. साखरही उतरते आणि वजनही. हे खोटे नव्हते. जीएलपी-१ या गटातली ही औषधे मधुमेहासाठीच निघाली. ती जठर रिकामे होण्याचा वेग मंद करतात, भूक कमी करतात, इन्शुलिन योग्य वेळी सुटायला मदत करतात. पुढे डॉक्टर मॅडमनीही मला स्पष्ट सांगितले, की त्या स्वतः अनेक रुग्णांना हे औषध देतात आणि त्यांना चांगला गुण येतो. म्हणून माझे म्हणणे वाचकांनी चुकीचे समजू नये. माझी तक्रार औषध कसे हातात दिले गेले, याबद्दल आहे.

केंद्रात तात्यांना एक फॉर्म भरायला दिला. मी आयुष्यभर प्रश्नपत्रिका काढल्या आहेत, त्यामुळे प्रश्नांवरून प्रश्न काढणाऱ्याची तयारी मला कळते. उंची विचारली होती. वजन विचारले होते. ‘तुमचे स्वप्नातले वजन’ विचारले होते. पित्ताशयात खडे आहेत का, पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली होती का, घरात कोणाला थायरॉइडचा कर्करोग होता का, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी कधी झाली, यातला एकही प्रश्न नव्हता. मग समोरून एक फोटो, बाजूने एक फोटो. पांढरा कोट घातलेले गृहस्थ सल्लागार होते. डॉक्टर नव्हते. चिठ्ठीवर डॉक्टरांची सही होती, ती आधीच छापलेली.

हे सगळे मी पाहिले. पाहूनही तेथून उठले नाही. माझ्या रागाचा पहिला धडा इथला.

पेन म्हणजे जाड शाईपेनासारखी वस्तू. मागची चकती फिरवून मात्रा ठरवायची, पुढे बारीक सुई लावायची, बटण दाबायचे आणि सहा अंक मोजायचे. एका पेनात चार रविवार. पहिला महिना पाव मिलिग्राम, दुसरा अर्धा, तिसरा एक. मात्रा अशी पायरीपायरीने का वाढवतात, हे केंद्रात कोणी सांगितले नाही. मीही विचारले नाही. पायऱ्या आहेत म्हणजे चढायच्या, एवढेच गृहीत धरले. सुई मीच टोचत असे. वहीत तारीख, मात्रा, वजन, उपाशीपोटीची साखर असे रकाने मी आखले होते. बारा आठवड्यांत वजन एक्क्याण्णव झाले. तात्यांच्या पट्ट्याला चांभाराकडून नवे भोक पाडून घ्यावे लागले.

ते खूश होते; पण त्यांची एक अट होती.

“ह्यातलं कुणाला बोलायचं न्हाय,” ते म्हणाले. “डेअरीवर कळलं तर लोकं म्हणतील, तात्या नवरी व्हायला निघालाय.”

“औषध आहे ते. त्यात लाजायचे काय?”

“साखरंचं औषध सांगायला लाज न्हाय. बारीक व्हायचं सांगायला हाय. तुला न्हाय कळायचं.”

मला ते कळले नाही, पण मी मान्य केले. विचारणाऱ्यांना ते सांगत, की भात सोडला आहे.

चौथ्या महिन्याचे पेन वेळेवर आले नाही. केंद्राने आज-उद्या करत तीन आठवडे घालवले. वहीत तीन रविवार कोरे राहिले. त्या कोऱ्या चौकोनांकडे मला पाहवेना. शाळेत माझा तास बुडाला तर तो मी शनिवारी भरून काढत असे. अभ्यासक्रम मागे ठेवून मी एकही वर्ष पुढे गेले नाही.

तात्यांचा विचार त्यांच्या रानातून आला. आमच्याकडे पाटाला पाणी आवर्तनाने सुटते. प्रत्येकाची पाळी ठरलेली. एखाद्याची हुकली, तर तो पाटकऱ्याशी भांडून पुढच्या आवर्तनात जादा तास घेतो. बागायतदाराच्या घरात हा हक्क पोरांनाही ठाऊक असतो.

“तीन पाळ्या हुकल्या आपल्या,” तात्या म्हणाले. “आता ते पेन आलं की भरून काढायच्या. सोडायचं न्हाय कुणाला.”

तरी मी विचारले, हे नमूद करते. केंद्राच्या क्रमांकावर मी लिहून पाठवले: ‘तीन मात्रा राहिल्या आहेत. आता राहिलेल्या मात्राही द्यायच्या का? किती दिवसांच्या अंतराने?’ उत्तर आवाजात आले. एका तरुण मुलीचा गोड आवाज. “हो काकू, देऊन टाका. तीन-चार दिवसांनी दिलं तरी चालतं. कोर्स पूर्ण झाला पाहिजे. काही होत नाही.”

आलेले पेन पुढच्या पायरीचे होते. पावणेदोन मिलिग्रामच्या आसपासची मात्रा. दिनदर्शिकेप्रमाणे चौथा महिना होता, म्हणून चौथी पायरी. मधल्या तीन आठवड्यांत शरीराने पाटी कोरी केली होती, हे कोणी लक्षात घेतले नाही.

रविवारी पहिले इंजेक्शन दिले. बुधवारी दुसरे, राहिलेल्यांपैकी एक.

गुरुवारी सकाळी तात्यांना उलट्या सुरू झाल्या. शुक्रवारी पोटात कळ आली. बेंबीच्या वर सुरू होणारी आणि सरळ पाठीत जाणारी. उताणे झोपले की वाढे. पुढे वाकून, गुडघे पोटाशी घेऊन बसले की थोडी उतरे. वाचकांनी हे वर्णन लक्षात ठेवावे. पोटातून पाठीत जाणारी, न थांबणारी कळ ही पित्त नव्हे आणि वातही नव्हे. तिच्यासाठी सोडा घेऊ नये, दवाखान्यात जावे.

आम्ही सोडा घेतला. केंद्राला फोन केला, तर म्हणाले, उलट्या म्हणजे औषध लागू पडल्याची खूण. जवळच्या डॉक्टरांनी पित्ताचे इंजेक्शन दिले. त्यांनी विचारले, नवे काही औषध चालू आहे का? तात्यांनी माझ्याकडे पाहिले. मी गप्प राहिले.

रविवार आला. तात्या खाटेवर वाकून बसले होते. दोन दिवसांत पाण्याचा घोटही टिकला नव्हता. लघवी कमी झाली होती आणि चहाच्या रंगाची.

“आज रविवार हाय,” ते म्हणाले. “पेन आण.”

“उद्या देऊ. बरे वाटू द्या.”

“परत हुकवायचं? एवढं सोसलं ते वाया?”

मी पेन आणले. चकती फिरवली, सुई लावली, सहा अंक मोजले. मी, विज्ञानाची शिक्षिका. वहीत तारीख लिहिली.

सोमवारी ते अंगणात चक्कर येऊन पडले. वृषाली आणि जावई गाडी घेऊन आले आणि आम्ही बारामतीला आलो.

दाखल करताना विचारतात, कोणकोणती औषधे चालू आहेत? मी क्रमाने सांगितले: मधुमेहाची गोळी, रक्तदाबाची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी. चौथ्यावर आले आणि तात्यांनी स्ट्रेचरवरून माझे मनगट धरले. बोलायची ताकद नव्हती, पण डोळे बोलत होते. मी तिथेच थांबले. मनाला समजावले, की ते काही दवाखान्याचे औषध नाही, केंद्राचे आहे.

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले नाहीत. रक्तातील चरबीही फार वाढलेली नव्हती. स्वादुपिंडाच्या सुजेची नेहमीची दोन कारणे खडे आणि दारू. एक वगळले की दुसरे उरते. दुपारी पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेला कागद मी वाचला. मद्यपान या शब्दापुढे लिहिले होते: ‘नातेवाईक नाकारतात’.

हे दोन शब्द मी अजून विसरले नाही. पण आज विचार करते, तेव्हा डॉक्टरांचे काय चुकले? अर्धे गणित दिले, तर उत्तरही तसेच येणार.

मंगळवारी सकाळी तात्यांचे चुलतभाऊ बापूराव पणदऱ्याहून आले. काचेतून आत पाहिले, टोपी काढली आणि माझ्याशेजारी बाकावर बसले.

“वैनी, तात्या लई छुपा रुस्तम निघाला की.”

“म्हणजे?”

“आमी एका ताटात जेवलो, पर बाटलीचं कदी बोलला न्हाय. निदान बसवायचं तरी बरुबर.”

“बापूराव, ते पीत नाहीत.”

“ऱ्हाऊ द्या. आतली सिस्टर म्हणली, हा दारूवाल्यांचा आजार हाय. भात सोडलाय म्हणत हुता, तवाच वळखायला पायजे हुतं. भात सोडून कोन एवढं वाळतंय?”

मला त्यांच्या मुस्कटात द्यावीशी वाटली. माझ्या साठ वर्षांत असे पहिल्यांदाच वाटले. त्यांचे काही चुकत नव्हते. ते उपलब्ध माहितीवरून अनुमान काढत होते. माहिती माझ्या पर्समध्ये होती. मूत्रपिंडांचा आकडा मात्र माहितीसाठी थांबत नव्हता.

दुपारी मॅडमनी बोलावले. क्रिएटिनिन वाढले होते. क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडांनी रक्तातून बाहेर टाकायचा कचरा. तो साचला, म्हणजे मूत्रपिंडे थकली. उलट्यांनी शरीर कोरडे पडले, की असे होते. दोन दिवसांत उतरले नाही तर डायलिसिस, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करणे.

“उलट्या थांबत नाहीत, कारण सापडत नाही,” मॅडम म्हणाल्या. “उद्या सकाळी एंडोस्कोपी करू. थोडी भूल देऊन तोंडातून जठरात दुर्बीण घालतात. कालपासून पोट रिकामेच आहे, त्यामुळे अडचण नाही. इथे सही करा.”

मी पेन हातात घेतले. साधे, शाईचे. ‘पोट रिकामे आहे’ हे वाक्य मला पुढे जाऊ देईना. जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो, हे मी त्या औषधाच्या माहितीपत्रकात वाचले होते. मी कागद परत ठेवला.

“मॅडम, एक सांगायचे राहिले आहे,” मी म्हणाले. आणि सगळे सांगितले. मात्रा, तारखा, तीन हुकलेले रविवार, रविवार-बुधवार-रविवार. पर्समधून वही काढून पुढे ठेवली.

त्यांनी वही दोनदा वाचली. मग उद्याची एंडोस्कोपी रद्द करायला फोन केला. फोन ठेवून म्हणाल्या, “या औषधावर दिवसभर उपाशी असलेल्या माणसाच्या जठरातही अन्न असू शकतं. भुलीत ते वर आलं असतं, तर थेट फुप्फुसात गेलं असतं. कळतंय ना मी काय म्हणते?”

मला कळले.

“तुम्ही शिकवत होता ना?”

“हो.”

“मग हे काल का सांगितलं नाही?”

लाजेपायी, असे कसे सांगणार? तात्यांची लाज आणि माझी आज्ञाधारकता. एवढ्या दोन गोष्टींमुळे एक माणूस मरणार होता.

त्या नुसत्या रागावल्या नाहीत, हे मी त्यांचे मोठेपण मानते. शेतकऱ्याच्याच घरातल्या असाव्यात, कारण त्यांनी समजावले ते आमच्याच भाषेत. हे औषध शरीरात साधारण आठवड्याला निम्मे होते. या आठवड्यात एक, पुढच्या आठवड्यात अर्धे, त्यानंतर पाव. “रान अजून ओलं असताना तुम्ही पुन्हा पाणी सोडलंत, बाई. वाफसा यायच्या आधी. आणि मग तिसऱ्यांदा सोडलंत. पीक पाण्यावाचून वाळतं तसं साचलेल्या पाण्यात सडतंही.”

बाकावर बसून वहीच्या मागच्या पानावर मी गणित केले. त्या दुसऱ्या रविवारी पहिल्या मात्रेतले निम्मे शिल्लक होते, बुधवारच्या मात्रेतले जवळजवळ दोन तृतीयांश आणि वर नवीन एक पूर्ण. तीन आठवड्यांच्या खंडानंतर ज्या लहान मात्रेपासून पुन्हा सुरुवात करायला हवी होती, तिच्या पंधरापट औषध तात्यांच्या अंगात होते. साधे सातवी-आठवीचे अपूर्णांक. करायला चार मिनिटे लागली. सुई टोचण्याआधी मला ती चार मिनिटे सुचली नव्हती, आणि केंद्रात तर ती कोणालाच सुचली नव्हती.

उपचार फारसे बदलले नाहीत. शिरेतून सलाइन, वेदनाशामक, तोंडाने काही नाही, दर काही तासांनी रक्त. या औषधावर उतारा नाही. ते उतरेपर्यंत शरीराला सांभाळायचे, एवढेच. पण आता डॉक्टर योग्य दिशेने पाहत होते. उलट्या किती दिवस चालतील याचा अंदाज त्यांना आला. साखरेच्या गोळ्या थांबवल्या. कागदावरचे ते दोन शब्द मॅडमनी स्वतः खोडले आणि शेजारी औषधाचे नाव, मात्रा आणि तारखा लिहिल्या. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद करण्याचा एक सरकारी फॉर्म असतो, तोही भरला. असा फॉर्म रुग्णाचे नातेवाईकही भरू शकतात, हे मला साठाव्या वर्षी कळले.

गुरुवारी क्रिएटिनिन वाढायचे थांबले. शुक्रवारी उतरले. शनिवारी तात्यांनी दोन चमचे पेज घेतली आणि ती टिकली. मी काचेच्या या बाजूला उभी राहून घड्याळ पाहत होते. तास उलटला, दीड तास उलटला. पेज पोटातच राहिली. तेव्हा मी रडले.

सोमवारी, तात्या सामान्य वॉर्डात आल्यावर, मी वृषालीला घेऊन केंद्रात गेले. सल्लागारांनी खुर्ची दिली, एका मुलीने पाणी आणून ठेवले. मी क्रमाने विचारले. तीन आठवड्यांच्या खंडानंतर वरची मात्रा कोणी ठरवली? सही करणारे डॉक्टर कुठे असतात? त्यांनी माझ्या यजमानांना कधी पाहिले?

“काकू, आम्ही औषध देत नाही,” ते म्हणाले. “आम्ही लाइफस्टाइल देतो.”

“मग पेन कोणी दिले? लाइफस्टाइलने?” वृषाली म्हणाली.

“ताई, आवाज कमी. बाहेर क्लायंट बसलेत. दोन डोस एका आठवड्यात द्या, असं आमच्याकडून कोणी सांगणारच नाही. तुमचा गैरसमज झाला असेल.”

मी मोबाइल टेबलावर ठेवला आणि तो आवाज लावला. हो काकू, देऊन टाका. काही होत नाही. पाणी आणून देणारी मुलगी दारातच थिजली. आवाज तिचाच होता.

“ती नवीन आहे,” सल्लागार म्हणाले. तिच्यासमोर.

मला त्या मुलीचा राग आला नाही. तिला एक मोबाइल आणि एक पांढरा कोट देऊन, कोणतेही ज्ञान न देता लोकांच्या जिवाचे प्रश्न सोडवायला बसवले होते. राग आला तो परीक्षेला स्वतः न बसता तिला बसवणाऱ्याचा. मी उठले.

“माझ्या शाळेत,” मी म्हणाले, “उत्तर येत नसेल तर ‘येत नाही’ असे लिहायला मी मुलांना शिकवत होते. तुमच्याकडे ते एक वाक्य जरी असते, तरी माझा नवरा काचेपलीकडे गेला नसता.”

बाहेर बसलेल्या पाच-सहा जणींना मी तिथेच उभी राहून सगळे सांगितले. आवाज कमी केला नाही. दोघी उठून गेल्या, बाकीच्या बसून राहिल्या. संबंधित सरकारी कार्यालयात लेखी तक्रार दिली, ध्वनिमुद्रण जोडले, पोच घेतली.

तात्या अकराव्या दिवशी घरी आले. डिस्चार्जच्या कागदावर मी कारणाची ओळ आधी वाचली: औषधजन्य. त्यांनाही वाचून दाखवली.

आठवड्याभराने त्यांनी जावयांना गाडी काढायला लावली आणि पणदऱ्याच्या डेअरीवर गेले. मीही सोबत होते. दूध घालायची वेळ, वीस-पंचवीस माणसे, आणि बापूराव होतेच.

“काय तात्या, सुटली का?” बापूरावांनी अंगठा तोंडाकडे नेऊन विचारले. लोक हसले.

तात्या गाडीच्या दाराला धरून उभे राहिले. “ऐका रं,” ते म्हणाले. “मी दारू पिलो न्हाय. बारीक व्हायची इंजेक्शनं घेतली, पोटावर, चोरून. आठवड्यात तीन टोचून घेतली. हसायचं तर आत्ता हसून घ्या. पर कुणाच्या घरात ते पेन आसंल, तर डॉक्टरला सांगून घ्या. लाजंपायी मी गेलो हुतो.”

कोणी हसले नाही. बापूरावांनी टोपी काढून पुन्हा घातली. “तात्या, घरी चल, च्या घेऊ,” एवढेच म्हणाले. मग दुरुस्ती केली, “बिनसाखरंचा.”

मी डॉक्टर मॅडमची ऋणी आहे आणि तीन पाळ्यांतल्या परिचारिकांची. तात्यांच्या त्या चार वाक्यांची त्याहून अधिक, कारण ती पणदऱ्यातून निघून कुठे कुठे पोहोचली. माझा राग मात्र ओसरला नाही, आणि तो ओसरावा अशी माझी इच्छाही नाही. त्याचा उपयोग होतो.

मागच्या मंगळवारी इंदापूरहून फोन आला. माझी जुनी विद्यार्थिनी सारिका.

“बाई, आमच्या ह्यांचे दोन आठवडे हुकलेत त्या पेनाचे. तुमच्या तात्यांचं कानावर आलं म्हणून इचारते. परवा एक दिलंय, आज परत दिलं, तर चालंल का?”

“पेन खाली ठेव. ठेवलेस?”

“व्हय बाई.”

“हुकलेली मात्रा भरून काढायची नसते. इतके दिवस हुकले, तर पुढची द्यायची की नाही आणि किती, हे तपासलेल्या डॉक्टरांनी ठरवायचे. आता सांग, त्यांना उलट्या होतात का? पोटातून पाठीत कळ जाते का?”

मागे कोणीतरी पुरुष दबक्या आवाजात म्हणाला, “सांगू नगंस.”

“सारिका, मी विचारले आहे.”

“कालपासनं हुतंय, बाई. पर ते म्हणत्यात कुणाला सांगायचं न्हाय.”

“त्यांना म्हणावे, बाई रागावल्या आहेत. आत्ता गाडी काढा आणि मोठ्या दवाखान्यात जा. तिथे औषधे विचारतील, तेव्हा पहिले नाव कशाचे सांगशील?”

“पेनाचं, बाई.”

“मोठ्याने सांग. त्यांना ऐकू जाऊ दे.”

तिने मोठ्याने सांगितले.